वादळाच्या हिशेबातलं उचंत खातं

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना फुटलेले काही फाटे कापलेत, एकदोन मुद्दाम ठेवलेत.

२०१७ चं 'ओखी' वादळ आठवतंय? २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होतं. दुसऱ्या दिवशी कन्याकुमारीच्या आसपास त्याचं चक्रीवादळ झालं होतं. केरळ आणि तामिळनाडूच्या मच्छिमारांच्या बोटी तोवर समुद्रात खोल गेल्या होत्या. शेकडो माणसं परत आली नाहीत. वाचलेल्या कित्येक बोटी वाऱ्यापुढे पळत थेट आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. पुढे ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळांना सुट्टी दिली गेली, आणि तोपर्यंत वादळाचा जीव निघून गेला होता. सुरतेकडे पोचण्याआधीच ते विरलं. एकच वादळ. एका टोकाला अचानक फुगलं, दुसऱ्या टोकाला अचानक बसलं.

चक्रीवादळाबद्दल आपल्याला दोन प्रश्न पडतात. कुठे जाणार, आणि किती जोराचं असणार. पहिल्याचं उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांत खूपच सुधारलं, कारण वादळाला ढकलत नेणारे वारे हजारो किलोमीटर पसरलेले असतात, ते उपग्रहाला दिसतात आणि संगणकाला झेपतात. दुसरा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं मागे रेंगाळला. २५ ऑक्टोबर २०२३ ला मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळलेलं 'ओटिस' एका दिवसात साध्या वादळाचं पाचव्या श्रेणीचं, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं झालं, आणि जगातल्या उत्तमोत्तम मॉडेलांना त्याची चाहूल लागली नाही. वादळाचा जोर ठरवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. समुद्र किती खोलवर तापलाय, वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत किती फरक आहे, हवा किती दमट आहे. पण त्यातली एक गोष्ट अशी की ती घडते पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम काही मीटरांत, आणि तिथे माणूसही टिकत नाही, यंत्रही टिकत नाही. आजची गोष्ट त्या काही मीटरांची आहे. तिथे उडणाऱ्या तुषारांची.

आधी हिशेब समजून घेऊ. चक्रीवादळ म्हणजे समुद्राच्या उष्णतेवर चालणारं इंजिन. गरम पाण्याची वाफ होते, ती हवेसोबत वर जाते, तिचे ढग होताना उष्णता सुटते, तिच्यावर हे सगळं रहाटगाडगं फिरतं. ही झाली जमा. खर्चाची बाजू म्हणजे घर्षण. वारा समुद्रावरून घासत जातो, लाटा उठवतो, पाणी ढकलतो, त्यात त्याची शक्ती जाते. आता गंमत बघा. वारा दुप्पट झाला तर समुद्राकडून मिळणारी ऊर्जा साधारण दुप्पट होते, पण घर्षणात जाणारी होते आठपट. म्हणून कधीतरी खर्च जमेला गाठतो आणि वादळाचा वेग तिथे थांबतो.

कुठे थांबतो, हे दोन आकड्यांवर ठरतं. हवा समुद्राकडून उष्णता किती सहज घेते याचा एक गुणांक, आणि समुद्र वाऱ्याला किती घासतो याचा दुसरा. त्यांचं गुणोत्तर आणि त्याचं वर्गमूळ. ऐकायला रुक्ष आहे, पण उदाहरण घ्या. बाकी सगळं तेच ठेवून गुणोत्तर ०.५ धरलं आणि वारा ताशी १८० किलोमीटर निघाला, तर गुणोत्तर १ धरल्यावर तो निघतो ताशी सुमारे २५५. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत पहिलं 'अत्यंत तीव्र' या वर्गातलं वादळ, दुसरं 'सुपर सायक्लोन'. किनाऱ्यावरची किती गावं हलवायची हा निर्णय त्या दोहोंमध्ये लोंबकळत असतो.

उष्णता आणि घर्षण यांच्यातलं हे नातं जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लाइनश्मिट यांनी १९५१ मध्येच मांडलं होतं. १९६९ मध्ये कात्सुयुकी ओयामा यांनी संगणकावर वादळाचा जन्म ते अंत असा पहिला पटण्याजोगा प्रवास उभा केला, तेव्हा त्यांनाही दिसलं की हे गुणांक जरा हलवले की वादळाचं रूपच बदलतं. मग साहजिक प्रश्न: हे गुणांक आणायचे कुठून?

इथे हेन्री चार्नॉक येतात. १९५५ मध्ये या इंग्रज शास्त्रज्ञांनी एका जलाशयावरच्या वाऱ्याच्या मोजमापांवरून सूत्र दिलं. वारा वाढला की लाटा वाढतात, लाटा वाढल्या की पृष्ठभाग खडबडीत होतो, खडबडीत झाला की घर्षणाचा गुणांक वाढतो. सूत्र सुटसुटीत होतं, मध्यम वाऱ्यांत चांगलं चालायचं, आणि पुढची कित्येक वर्षं मॉडेलांनी ते बिनधास्त ओढून वादळी वाऱ्यांपर्यंत नेलं. जलाशयावरच्या वाऱ्याचं सूत्र ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्याला! हसू नका, दुसरं होतं काय हाताशी?

अडचण अशी झाली की चार्नॉकचं घर्षण तेवढ्या वेगाला लावलं तर खर्च इतका फुगतो की सर्वांत जोराची वादळं अस्तित्वातच येऊ नयेत. आणि ती तर येत होती. १९९५ मध्ये एमआयटीच्या केरी इमॅन्युएल यांनी उलटा हिशेब केला. प्रत्यक्षात अशी वादळं होतात, त्याअर्थी ते गुणोत्तर ०.७५ च्या खाली असूच शकत नाही, बहुधा १.२ ते १.५ असावं. पण मोकळ्या समुद्रावरची मोजमापं तर उष्णतेचा गुणांक वाऱ्याबरोबर वाढत नाही असं सांगत होती. मग ही जास्तीची जमा आली कुठून?

जुन्या पद्धतीनं हिशेब लिहिणाऱ्यांना 'उचंत खातं' माहीत असेल. ताळा जमत नाही, फरकाची रक्कम कुठली ते कळत नाही, तेव्हा ती तात्पुरती या खात्यात टाकायची आणि पुढे जायचं. वादळशास्त्रात हे खातं तुषारांच्या नावानं उघडलं गेलं.

म्हणजे तुषारांचा अभ्यास तेव्हा सुरू झाला असं नाही. आल्फ्रेड वुडकॉक यांनी १९५० च्या आसपास विमानातून काचेच्या बारीक पट्ट्या वाऱ्यात धरून समुद्रावरच्या हवेतलं मीठ गोळा केलं होतं. डंकन ब्लँचर्ड यांनी पाण्यावरचा बुडबुडा फुटताना त्यातून थेंब कसे उडतात ते उलगडून दाखवलं. कोकणात खिडकीचे गज कितीही रंगवा, गंजतात. ते मीठ अशाच फुटलेल्या बुडबुड्यांचं. पण वादळी वाऱ्यात वेगळाच प्रकार सुरू होतो. वारा लाटेचा माथाच ओरबाडून काढतो आणि बुडबुड्यांच्या थेंबांपेक्षा बरेच मोठे, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे थेंब आडवे उडवतो. दर्यावर्दींची बोफर्ट मापनश्रेणी बघा. बाराव्या, शेवटच्या पायरीचं वर्णन असं की समुद्र पांढराफटक होतो आणि हवा फेसानं-तुषारांनी भरून जाते. म्हणजे समुद्र कुठे संपला आणि हवा कुठे सुरू झाली हेच सांगता येत नाही. मॉडेलांमध्ये मात्र तिथे एक स्वच्छ रेघ होती.

या थेंबांनी उष्णता वाढते असं सहज म्हणता येतं. बशीत ओतलेला चहा लवकर का निवतो? पृष्ठभाग वाढतो म्हणून. समुद्राचे अब्जावधी थेंब करून वाऱ्यात उधळले तर समुद्र हवेला भराभर उष्णता देणार, उघड आहे. पण इतकं सोपं असतं तर हा भाग मी केलाच नसता. थेंब हवेत वाळतो तेव्हा बाष्पीभवनाला लागणारी उष्णता तो बहुतेक हवेतूनच घेतो. हवेला वाफ मिळाली खरी, पण हवा तेवढीच थंड झाली. या खिशातलं त्या खिशात! थेंब पूर्ण वाळला तर वादळाच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही.

ही गाठ सोडवली एडगर अँड्रियास यांनी. मजा म्हणजे हा माणूस नोकरीला होता अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेत, न्यू हॅम्पशायरमध्ये, बर्फाच्या अभ्यासाला. १९९० च्या दशकात त्यांनी एका थेंबाचं आयुष्य क्षणाक्षणानं मांडलं. साधारण ०.१ मिलिमीटर त्रिज्येचा थेंब घ्या. समुद्रातून सुटल्यावर तो थंड होतो एका सेकंदाच्या आत. पूर्ण वाळायला मात्र त्याला कितीतरी मिनिटं हवीत. आणि हवेत राहतो किती? काही सेकंद. म्हणजे तो आपली उष्णता हवेला देतो, थोडीशी वाफ देतो, आणि थंड होऊन परत समुद्रात पडतो. बाकीची थंडाई समुद्राच्या माथी. वादळाला निव्वळ फायदा होतो तो अशा परत पडणाऱ्या थेंबांमुळे. हवेतच वाळून जाणारे थेंब बिनकामाचे. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात हा युक्तिवाद सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्यात नवं यंत्र नाही, नवी मोहीम नाही, फक्त एका थेंबाला शेवटपर्यंत सोबत करणं आहे.

अँड्रियास आणि इमॅन्युएल यांनी २००१ मध्ये मिळून हे मॉडेलात घातलं. आणि तिथे खर्चाची बाजूही समोर आली. थेंब वाऱ्यात उडतो तेव्हा त्याला वेग द्यावा लागतो, तो वारा देतो. मग तो वेग घेऊन थेंब समुद्रात पडतो. म्हणजे तुषार उष्णता आणून देतात आणि वाऱ्याची गती काढूनही नेतात. दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. उचंत खात्यात जमा आणि नावे दोन्ही रकाने भरू लागले.

त्याच सुमारास आणखी एक विचार पुढे आला, अगदी उलट दिशेचा. जेम्स लाइटहिल हे ब्रिटनचे मोठे गणिती, आयुष्याच्या शेवटच्या काळात चक्रीवादळांच्या आपत्तींवर काम करत होते. त्यांनी सुचवलं की हवा आणि समुद्र यांच्यामध्ये तुषारांचा एक तिसराच थर धरावा, सँडविचसारखा. त्यांचा हा लेख १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो छापलेला बघायला ते नव्हते. १९९८ च्या जुलैत सार्क बेटाला पोहून प्रदक्षिणा घालताना त्यांचा समुद्रातच मृत्यू झाला होता. ७४ वर्षांचे होते. २००५ मध्ये ग्रिगोरी बारेनब्लाट आणि त्यांच्या बर्कलीतल्या सहकाऱ्यांनी हे सँडविच पुढे नेलं. बारेनब्लाट मूळचे रशियन, कोल्मोगोरोव यांचे विद्यार्थी, आणि गाळ वाहून नेणाऱ्या प्रवाहांवर त्यांनी तरुणपणी काम केलं होतं. गढूळ पाण्यात गाळाचे कण तरंगत ठेवायला प्रवाहाची खळबळ खर्ची पडते, खळबळ कमी झाली की घर्षण कमी, आणि प्रवाह वेगानं धावतो. त्यांचं म्हणणं, मोठे थेंबही हवेत हेच करतात. वारा गुळगुळीत होऊन सुसाट सुटतो. जुने दर्यावर्दी वादळात समुद्रावर तेल ओतायचे, ते लाटांपेक्षा तुषार दाबण्यासाठी उपयोगी पडत असेल, असा अंदाजही त्यांनी त्यात केला होता. सिद्ध कुणी केलेला नाही, पण विचार करायला छान आहे.

एवढे सगळे तर्क. मोजमाप?

नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर नोर्डवाइकजवळ समुद्रात उभ्या असलेल्या मनोऱ्यावरून १९८६ मध्ये 'हेक्सॉस' नावाची मोठी मोहीम झाली. ताशी ६५ किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात तुषारांचा वेगळा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष १९९६ मध्ये छापून आला. २००२ मध्ये अँड्रियास यांनी त्याच मोहिमेतल्या एका संशोधिकेसोबत तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि म्हटलं, तुषारांची खूण यातच आहे, फक्त वेगळी काढून बघावी लागते. आकडे तेच, वाचन दोन.

त्याहून जोराच्या वाऱ्यात शिरायचं तर विमानच हवं, आणि विमान खाली उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. सप्टेंबर १९८९ मध्ये अमेरिकी संशोधन विमान 'ह्यूगो' वादळात सुमारे ४५० मीटर उंचीवरून शिरलं. वादळ अंदाजापेक्षा कितीतरी तीव्र निघालं, डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत एक इंजिन गेलं, आणि डोळ्याच्या शांत पोकळीत घिरट्या घालत घालत वैमानिकांनी कसंबसं वर काढलं. त्यानंतर इतक्या खालून भिंतीत शिरणं बंद झालं. फेब्रुवारी २००७ ची गोष्ट तर या विषयालाच लागून आहे. उष्ण कटिबंधातलं वादळ नव्हे, अटलांटिकचं हिवाळी वादळ, न्यूफाउंडलंडच्या पूर्वेला. वारा मोजायला गेलेल्या अशाच विमानाची चारपैकी तीन इंजिनं एकामागून एक बंद पडली. कारण मीठ. समुद्रावरून उडालेल्या खाऱ्या तुषारांचे थर इंजिनांत साचले होते. विमान खाली खाली येत असताना इंजिनं पुन्हा सुरू झाली म्हणून सगळे सुखरूप परतले. ज्यांच्या अस्तित्वाबद्दल सूत्रांत एकमत नव्हतं त्या थेंबांनी विमान पाडायची वेळ आणली होती.

म्हणून उपाय असा की माणसानं वर राहायचं आणि यंत्र खाली टाकायचं. ड्रॉपसोंड म्हणजे छोट्या छत्रीला बांधलेली नळी. पडता पडता वारा, तापमान, दमटपणा मोजते आणि पाण्यात पडेपर्यंत वर कळवत राहते. १९९७ नंतर तिला जीपीएस मिळालं. मार्क पॉवेल आणि सहकाऱ्यांनी अशा तीनशेहून अधिक नोंदी एकत्र करून २००३ मध्ये 'नेचर'मध्ये लेख दिला. चार्नॉकचं चढतं घर्षण ताशी १२० किलोमीटरच्या आसपास चढायचं थांबतं आणि पुढे उलट उतरायला लागतं! फेस आणि तुषार मिळून समुद्राला जणू वंगण लावतात, असं त्यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी मायामीत मार्क डोनेलन यांनी प्रयोगशाळेतल्या टाकीत कृत्रिम वादळी वारा सोडून घर्षण एका पातळीला थांबतं असं दाखवलं. मॉडेलांनी हळूहळू आपली वक्ररेषा त्याप्रमाणे वाकवली.

२००३ मध्येच 'फेबियन' आणि 'इझाबेल' या वादळांत पाऊसपट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत विमानं खाली नेऊन उष्णता आणि घर्षण दोन्ही एकत्र, थेट मोजली गेली. ताशी १०० किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यापर्यंत. उष्णतेचा गुणांक वाऱ्याबरोबर वाढतो असं काही दिसलं नाही, आणि गुणोत्तर निघालं सरासरी ०.६३. म्हणजे इमॅन्युएल यांच्या ०.७५ च्या खाली! तुषारांच्या नावानं टाकलेली मोठी जमा निदान त्या वेगांना तरी सापडली नाही. त्याहून जोराच्या वाऱ्यात? तिथे अजून थेट मोजमापाचा हात पोचत नाही.

आणि मग २०२०. मायामीच्याच मिलान चुर्चिच आणि ब्रायन हाउस यांनी जुन्या टाकीतल्या प्रयोगाचा हिशेब पुन्हा केला, तेव्हा २००४ च्या मूळ संगणकीय कोडमध्येच चूक सापडली. सोळा वर्षं जगभर संदर्भ म्हणून वापरलेली वक्ररेषा! मुख्य निष्कर्ष टिकला, घर्षण एका पातळीला थांबतंच, पण ती पातळी आणि तो वेग दोन्ही बदलले. त्यांच्या नव्या प्रयोगांत ते ताशी ९० किलोमीटरलाच थांबताना दिसलं. दोघांनी चूक शोधली आणि दुरुस्त आकडे छापले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मॉडेल बरोबर उत्तर देतंय म्हणून आत चूक नाही असं होत नाही. एक गुणांक जास्त, दुसरा कमी, आणि बेरीज नेमकी जुळलेली, हे दरवेळी होऊ शकतं. मागच्या वीस वादळांना जुळणारी अशी बेरीज एकविसाव्याला दगा देते.

टाकीचं काम मात्र थांबलेलं नाही. मायामीत आता २३ मीटर लांब, ६ मीटर रुंद अशी टाकी आहे, तिच्यात पाचव्या श्रेणीच्या वादळाचा वारा सोडता येतो. रशियात निझनी नोवगोरोदला युलिया त्रोइत्स्काया यांच्या गटानं अतिवेगवान कॅमेऱ्यानं लाटेच्या माथ्याचं चित्रण केलं आणि २०१७ मध्ये दाखवलं की जोराच्या वाऱ्यात थेंब नुसते ओरबाडले जात नाहीत. पाण्याचा पातळ पापुद्रा आधी पुरीसारखा फुगतो, मग फुटतो, आणि एका फुग्यातून थेंबांचा फवारा निघतो. टाकीत खऱ्या समुद्राच्या उंच लाटा मावत नाहीत, ही अडचण उरतेच. ३० सप्टेंबर २०२१ ला 'सॅम' वादळात शिरलेल्या एका विनामाणूस होडीनं आतून व्हिडिओ पाठवला. पंधरा मीटरच्या लाटा होत्या. तो जरूर बघा. समुद्र आणि हवा यांच्यामधली रेघ शोधा त्यात.

रोजच्या अंदाजासाठी चालणाऱ्या बहुतेक मॉडेलांमध्ये आजही थेंब थेट मोजलेले नसतात. ते त्या दोन गुणांकांच्या वक्ररेषांत मुरवलेले असतात. अमेरिकेत बनलेलं एचडब्ल्यूआरएफ मॉडेल आपल्या हवामान खात्यानंही बंगालच्या उपसागरासाठी आणि अरबी समुद्रासाठी वापरलं, आणि त्याच्यासोबत अटलांटिकच्या वादळांवरून घासूनपुसून घेतलेल्या अशा वक्ररेषाही इकडे आल्या. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला 'निसर्ग' किनाऱ्याला लागलं आणि श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा किनाऱ्यापासून काही मैलांवर, पाण्यालगतच्या त्या काही मीटरांत नेमकं काय चाललं होतं, हे मोजणारं तिथे कुणीही नव्हतं.